सुटे सूर

१९ जानेवारी, सोमवार
धुणं वाळत घालून झाल्यावर

भिंगरे,

तुझं पत्र पोचलं. आजोबांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "आजीला विचार म्हणावं. मी नुसता वाजवत होतो, बाकीचं सगळं हिनेच पाहिलं." झालं! निबंध तुझा, आयुष्य ह्यांचं, आणि हात दुखणार माझे. फोनवर सांगितलं असतं, पण मला धड ऐकू येत नाही आणि तू बोलतेस ती लाह्या फुटाव्यात तशी. म्हणून लिहिते. चौथीनंतर शाळेने मला सोडलं आणि मी शाळेला, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं तू बघ.

तुझ्या सरांनी म्हणे एकेक कलावंत निवडायला सांगितलाय आणि त्याचा धंदा का चालला, का बसला, ते चार खणांत भरायचंय. राजकारण, पैसा, समाज आणि यंत्र. बाकीच्यांनी नावाजलेले गवई घेतले आणि तू घेतलास घरचा क्लॅरिनेटवाला. सर म्हणाले असतील, हा कोण? सांग त्यांना, ज्याचं वाजवणं घराघरांतल्या रेडिओवर ऐकलं गेलं आणि ज्याचं नाव कुणी विचारलं नाही, तो हा.

राजकारण विचारतेस, तर ऐक. हे तेव्हा बँडमध्ये होते. निवडणूक आली. दोन उमेदवार, दोघांनीही विजयाच्या मिरवणुकीसाठी ह्यांचाच बँड आधीच ठरवून ठेवला. दोघांनाही खात्री! निकाल लागला. सकाळी जिंकलेल्याची मिरवणूक वाजवली. मग बँडमास्तर म्हणाला, पडलेल्याने नको असं कळवलेलं नाही, जायला हवं. गेले. तो बिचारा दारात खुर्ची टाकून बसलेला. म्हणाला, "ठरवलंय तर वाजवा." आणि त्याने ते सगळं आनंदाचं गाणं एकट्याने ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला. हे अजून म्हणतात, इतका चांगला ऐकणारा पुन्हा भेटला नाही. पुढे त्या जिंकलेल्याच्या राज्यात दंगल झाली, जमावबंदी लागली, लग्नंसुद्धा दार लावून व्हायला लागली. हे घरी बसले आणि मी तयार शर्टांना बटणं लावली. आता हा राजकारणाचा खण की पैशाचा? तूच ठरव. माझ्या घरात एका खणातलं दुसऱ्यात सांडायचं.

समाज म्हणशील तर माझे वडील. "फुंकणाऱ्याला मुलगी द्यायची?" म्हणाले. माझी आई त्याहून तिखट. म्हणाली, "फुंकर घालून चूल पेटते गं, संसार नाही पेटत." मी म्हटलं, बघू तरी.

आणि मग स्टुडिओ. तो म्हणजे पिठाचं जुनं गोदाम. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. सगळे वादक एकाच खोलीत, माइक मोजके. ज्याचा आवाज मोठा तो लांब. म्हणून ट्रम्पेटवाले भाऊजी थेट दाराशी, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा केल्यासारखे. ह्यांची जागा खांबामागे. दिवा लाल झाला की पंखे बंद. एकाने सूर चुकवला की सगळ्यांनी पहिल्यापासून. घामाने निथळायचे, पण चुकणाऱ्याला शिव्या घालत सगळे एकत्रच बाहेर पडायचे आणि आमचं घर जवळ म्हणून थेट आमच्याकडे. जिन्यात चपलांचा ढीग. माझ्या चांगल्या बशीत ह्यांच्या रीड भिजत पडलेल्या. रीड म्हणजे वाद्याच्या तोंडाला लावायची ती वेताची पट्टी. तुझी आई पहिलं पाऊल टाकायला शिकली ती वाद्यांच्या पेट्या धरून. चहा करून करून माझी कंबर मोडायची. तेव्हा वैताग यायचा. आता इतका चहा पिणारंच कुणी नाही.

पुरे आता. हात दुखला.

आजी


२७ जानेवारी

लाडके आणि कजाग आजी,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं. पडलेल्या उमेदवारापाशी सर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. म्हणाले, "तुझ्या आजीलाच बोलव शिकवायला." मी म्हटलं, सर, ती तुम्हाला बाकावर उभं करेल.

पण आजी, मुख्य प्रश्नाचं उत्तर तू टाळलंस. आजोबांनी वाजवणं सोडलं का? पन्नाशी नुकतीच उलटली होती. फुंकणाऱ्या माणसाच्या हातात अजून कितीतरी वर्षं असतात. मी तारखा ताडून पाहिल्या. त्याच सुमाराला स्वस्तातला की-बोर्ड बाजारात आला, एका बटणात क्लॅरिनेट, दुसऱ्यात ट्रम्पेट, तिसऱ्यात व्हायोलिन. अख्खा ताफा एका टेबलावर. म्हणून मी निबंधाचं पहिलं वाक्य लिहूनच टाकलंय: "यंत्राने माझ्या आजोबांना संपवलं." कसं वाटतं?

आणखी एक. निवडलेला निबंध मार्चमध्ये तुमच्याच गावच्या सभागृहात वाचून दाखवणार आहेत, जुन्या वादकांच्या मेळाव्यात. ट्रम्पेटवाल्या आजोबांनाही बोलावणं जाईल. माझा निवडला गेला तर विचार कर, तू आणि आजोबा पहिल्या रांगेत!

तुमच्या स्टुडिओतला ध्वनिमुद्रक इथे आपल्या मुलीकडे राहतो, असं कळलंय. ८ तारखेच्या रविवारी त्याला भेटायला जाते. तोवर तू लिही. खरं लिही.

तुझी
भिंगरी


४ फेब्रुवारी, बुधवार
गॅसवाला येईल म्हणून दारात बसून

भिंगरे,

संपवलं? कुणाला? तुझा संपलेला आजोबा आत बसून दुसऱ्यांदा वाढून घेतोय. जित्या माणसाबद्दल असं लिहू नये. ते वाक्य खोड.

सोडलं ते दातामुळे. पुढचा दात हलायला लागला. क्लॅरिनेट दातावर टेकवून वाजवतात. दात नाही तर वाद्य नाही. संपलं. त्यात कसलं यंत्र आणि कसलं राजकारण!

हां, यंत्राने काय केलं ते सांगते, पण ते तुझ्या की-बोर्डच्या कितीतरी आधीचं. स्टुडिओत नवीन पद्धत आली. एकेकाने वेगळं येऊन, कानाला ते ऐकायचं लावून, एकट्याने आपला भाग वाजवायचा आणि घरी जायचं. मग ते सगळं तिथे एकावर एक चढवायचे. व्हायोलिनवाला सकाळी येऊन गेला, भाऊजी दुपारी, हे संध्याकाळी. गाण्यात सगळे एकत्र आणि आयुष्यात एकमेकांचं तोंड बघायला नाही. चूक झाली तर दुसऱ्या कुणाला घाम नाही, म्हणजे शिव्या घालायलाही कुणी नाही. हे एकटेच जिना चढून यायचे. मी सवयीने मोठं पातेलं ठेवायचे. सगळा चहा ओतून द्यावा लागायचा.

पण त्या पडत्या दिवसांत एक आठवडा फार मजेचा गेला. टाय लावलेली कुठल्याशा कंपनीची माणसं आली, ह्यांना एकट्याला बोलावलं. गाणं नाही, काही नाही. म्हणे एकच सूर धरा. लांब. आता तोच तोकडा. आता हळू. आता जोरात. झाला? आता त्याच्या वरचा. असं खालपासून वरपर्यंत. हे घरी येऊन पोट धरून हसायचे. "अगं, सुटे सूर विकत घेतायत! गाणं नको म्हणतात, नुसती अक्षरं द्या." मी म्हटलं, वेडे लोक असतात म्हणूनच शहाण्यांची पोटं भरतात. काय करणार होते त्या सुरांचं, देव जाणे. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या पैशांत घरात पहिला फ्रिज आला. भाऊजी मुद्दाम येऊन त्यातलं गार पाणी पिऊन जायचे आणि म्हणायचे, "वहिनी, ह्या पाण्याला सुरेल चव आहे हो."

आणखी थोडे दिवस कामं मिळाली, मग तीही आटली. भाऊजींनी ट्रम्पेट विकलं आणि गोदामावर पहारेकरी झाले. त्यांच्या बायकोने दुसऱ्यांचे कपडे शिवले. व्हायोलिनवाला गाव सोडून गेला. दिवस तसेच होते.

आता रोज दुपारी भाऊजी येतात, हे आणि ते पत्ते खेळतात, एकमेकांना लबाड म्हणतात. जुन्या ताफ्यातलं तेवढंच उरलंय.

गॅसवाला आला.

आजी


१५ फेब्रुवारी

आजी,

हे पत्र आजोबांना वाचून दाखवू नकोस. आधी एकटीने वाच.

ध्वनिमुद्रक भेटला. मी तुझ्या पत्रातला तो मजेचा आठवडा सांगितला. तो हसलाच नाही. म्हणाला, "ते सुटे सूर मीच रेकॉर्ड केले. ते की-बोर्डसाठी होते." त्याच्या नातीचा जुना की-बोर्ड खोलीत पडला होता. त्याने क्लॅरिनेटचं बटण दाबून काही सुरावटी वाजवल्या. मग टेपवर आजोबांचं जुनं गाणं लावलं. पुन्हा की-बोर्ड. आजी, खालच्या सुराच्या आधी आजोबा बारीकसा श्वास घेतात ना, गाण्यात नेहमी ऐकू येतो तो? तो त्या बटणात आहे. दर वेळी. कुणाच्याही बोटाखाली. मला तिथेच रडू आलं.

तो म्हणाला, बाकीचे आवाज त्या यंत्रात पत्र्यासारखे होते. पण हा एक इतका खरा होता की ह्याच्या जिवावर यंत्र खपलं. लग्नवाले, जाहिरातवाले, सगळ्यांनी तेच घेतलं. मग ताफा कशाला बोलावतील?

म्हणजे यंत्राने आजोबांना संपवलं नाही. यंत्रात आजोबाच होते. आणि त्यांनी, त्यांच्या नकळत, ट्रम्पेटवाल्या आजोबांचं, व्हायोलिनवाल्याचं, सगळ्यांचंच काम घालवलं.

सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. निबंध निवडला गेलाय. २१ मार्चला तुमच्या सभागृहात वाचायचाय. हे वगळलं तर निबंध खोटा. घातलं तर आजोबा सगळ्यांसमोर, ट्रम्पेटवाल्या आजोबांसमोर उघडे पडतात. त्यांना स्वतःला तरी हे ठाऊक असेल का? मला नाही वाटत.

तू सांगशील तसं करीन.

भिंगरी


२० फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरे,

वाचलं. पहिल्यांदाच तुझं पत्र ह्यांच्यापासून लपवलं. "काय लिहिलंय पोरीने?" म्हणून विचारत होते. म्हटलं, परीक्षा आहे, पाठ दुखते. आता फोनवर पाठीचं विचारतील, तेव्हा दुखते म्हण.

आधी तुझं. रडायला काय झालं? बटण दाबलं, आवाज आला. घंटा वाजली तर रडतेस का?

आता माझं. तुझ्या सरांना उभं राहायला काय जातं? त्यांच्या दाराशी रोज दुपारी कुणी पहारेकरी येऊन पत्ते मागत नाही. भाऊजींनी आयुष्यात कधी कुणाला दोष दिला नाही. काळ बदलला, एवढंच म्हणायचे. काळाला नाव नव्हतं म्हणून बरं चाललं होतं. तू आता त्या काळाला नाव देणार, तेही माइकवरून, आणि ते नाव त्यांच्या समोर पत्ते पिसत बसलेल्या माणसाचं. ते सभागृहात चांगला शर्ट घालून, केस विंचरून बसलेले असतील. चारचौघांत माणसाने तोंड कुठे लपवायचं?

झाकली मूठ राहू द्यावी असं वाटतं. पण खोटं लिही असंही तुला सांगवत नाही, कारण तुझ्या आईला मी खोटं बोलण्यासाठीच जास्त मारलंय.

मी पुन्हा लिहीपर्यंत एक अक्षर सरांना देऊ नकोस.

आजी


२४ फेब्रुवारी

आजी,

सरांना १२ मार्चच्या आत शेवटचा मजकूर हवाय. ते म्हणाले, हवं तर नाव गाळ, "एका वादकाने" असं लिही. पण त्या काळात तुमच्या गावात स्टुडिओत जाणारा क्लॅरिनेटवाला दुसरा होता कोण? मेळाव्यातला प्रत्येक म्हातारा मान वळवून आजोबांकडेच बघेल.

आणि आजी, दाताचं जुळत नाही. आई म्हणते, आजोबांचा दात पडला तेव्हा भिंगरी रांगत होती. म्हणजे वाजवणं सोडल्यावर कितीतरी वर्षांनी. हलणारा दात इतकी वर्षं कुणाची वाट बघत होता?

भिंगरी


२ मार्च, सोमवार

भिंगरे,

दाताचं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी तो दात खरा धरून चालले. मऊ भात, मऊ भाजी. मग तुझी दोन्ही पत्रं घेतली आणि ह्यांच्या समोर बसून मोठ्याने वाचली. हे दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. ऐकून घेतलं, आरशातून बघत म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"समोरच्या शिंप्याच्या मुलीच्या लग्नापासून."

त्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. कोपऱ्यात एक पोरगा की-बोर्ड वाजवत होता. मला जेवण आठवतं, ह्यांना आवाज. कंपनीच्या त्या आठवड्यात एक दिवस ह्यांना सर्दी होती, एक सूर जरा खरखरला होता. हे म्हणाले होते, पुन्हा घेऊ. टायवाले म्हणाले, चालेल. तोच खरखरता सूर त्या लग्नात पुन्हा पुन्हा येत होता. हे ताट ठेवून उठले. मला म्हणाले, पोट बरं नाही.

त्यानंतर स्वतः एकाच लग्नात वाजवलं. तिथे नवऱ्या मुलाचा मामा खूश होऊन आला आणि म्हणाला, "वा! काय वाजवता हो, अगदी की-बोर्डसारखं!" त्या दिवशी घरी येऊन वाद्य सुटं केलं, पुसलं, पेटीत घालून कपाटावर ठेवलं. आणि मला दात दाखवला.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "तू फ्रिज विकला असतास."

विकला असताच! मग दोघंही हसलो.

दाढी संपवून म्हणाले, "पोरीला सांग, नावासकट लिही. पण त्याने माइकवरून ऐकायच्या आधी माझ्या तोंडून ऐकायला हवं." आता हे झाल्यावर दुपारचे भाऊजी आले. मी मुद्दाम जवळ बसले, नाहीतर मला ऐकू येत नाही. डाव वाटून झाला. ह्यांनी सांगितलं. जसं होतं तसं, सर्दीसकट.

भाऊजी पत्त्यांकडेच बघत होते. मला वाटलं, काम गेलं म्हणून चिडतील, ट्रम्पेट विकलं म्हणून. ते म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नात."

मला कळेना. ह्यांना कळलं. मान खाली गेली.

"मी तुझ्याकडे आलो होतो," भाऊजी म्हणाले. "म्हटलं, बँड परवडत नाही, तू एकटा वाजव, माझी मुलगी आहे. तू दात दाखवलास. मी त्या पोराचं डबडं आणलं."

"हो."

"म्हणजे दात चांगला होता."

"हो."

"तू नाही म्हणालास, आणि तरी वाजलास. तिथेच बसून ऐकलंस. जेवलास."

"नाही जेवलो."

"ते तुझं तू बघ."

हातातले पत्ते त्यांनी उताणे टेबलावर ठेवले, चपला घातल्या आणि गेले. आम्ही पत्त्यांकडे बघितलं. जिंकत होते.

तुझ्या चार खणांत हे कुठे बसतं ते बघ. मला तर जागा सापडत नाही.

आजी


४ मार्च

आजी,

मी निबंध मागे घेते. पुढच्या आठवड्यात सरांशी बोलते. तुमची रोजची दुपार मोडून मला कसला आलाय निबंध! मी काही विचारलंच नसतं तर ते दोघं आत्ता एकमेकांना लबाड म्हणत बसले असते.

मला माफ कर.

भिंगरी


७ मार्च, शनिवार
टपालाच्या वेळेआधी, घाईत. रजिस्टरने पाठवते.

मागे घेऊ नकोस. खरं सांगून एक दुपार गेलीच आहे, आता ते वायाही घालवतेस का? आजोबा म्हणतात, खरखरत्या सुराचंही घाल. शर्टाला इस्त्री करून ये.

आजी


३० मार्च, सोमवार

भिंगरे,

त्या दिवशी तू वाचून लगेच गाडी पकडलीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. वाचलंस छान. भरभर वाचलंस, पण छान. ह्यांचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या, आणि हे ताठ बसून राहिले, फोटो काढताना बसतात तसे. एक म्हातारा बासरीवाला येऊन ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मेल्या, तूच होय!" दुसरा एक जण उठून निघून गेला. दोन्ही रास्त. भाऊजींची खुर्ची रिकामीच होती, ते तूही पाहिलंस.

हे घरी येऊन पत्ते पिसायचे आणि ठेवून द्यायचे. आठवडाभर. मला ते बघवेना. म्हणजे दया आली असं नाही, पत्त्यांच्या आवाजाने डोकं उठलं. मीच सरळ उठले आणि भाऊजींकडे गेले. ते आता मुलीकडेच राहतात, तीच ती, लग्नवाली. दार तिनेच उघडलं.

भाऊजी खिडकीत बसलेले. म्हणाले, "वहिनी, मशीनचं मला काही नाही. ह्याने सूर दिले नसते तर दुसऱ्याने दिले असते. मला बोलावलं असतं तर मीही पळत गेलो असतो. आपण बोलावतील तिथे जाणारे लोक. पण मी काम म्हणून नव्हतो गेलो त्याच्याकडे. मुलीसाठी गेलो होतो."

मी म्हटलं, "मग आता काय करू या? लग्न परत लावता? जावई तयार आहे का विचारा."

आतून मुलगी हसली. भाऊजी नाही हसले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे उठले. स्टुलावर चढून पेटी काढली. ह्या वयात स्टूल! मी स्टूल धरलं आणि शिव्या घातल्या. वाद्याचे सांधे सुकून ढिले झालेले, त्यांना माझा शिवणाचा दोरा गुंडाळला. नवी रीड आणली. बशी मीच दिली, न मागता. मग आवाज काढायला सुरुवात झाली. भिंगरे, तो आवाज! शेजारीण येऊन विचारून गेली, काही पाळलंय का म्हणून. दर थोड्या वेळाने कवळी सुटायची. मी म्हटलं, हे घेऊन जाणार त्यांच्याकडे? म्हणाले, "मागितलं होतं ते हेच. चांगलं वाजव असं नव्हता म्हणाला."

काल रविवारी गेलो. मुलगी इस्त्री करत होती. तिचा थोरला हल्ली वडिलांपेक्षा उंच झालाय, एवढा काळ लोटला. ह्यांनी पेटी उघडली, वाद्य जोडलं. "काका, बसा, चहा टाकते," ती म्हणाली. हे म्हणाले, "नंतर टाक. आधी उभी राहा तिथे." ती इस्त्री बंद करून उभी राहिली, हातात नवऱ्याचा शर्ट. भाऊजी खिडकीतून बाहेर बघत होते, स्टुडिओत भिंतीकडे तोंड करून उभे असायचे तसेच.

नवरीला मंडपात आणतात तेव्हा पूर्वी हे जी धून वाजवायचे ती सुरू केली. पहिला सूर आलाच नाही, नुसती हवा. दुसरा आला तो बदकाचा. मध्येच दम संपला, थांबले, गुडघ्यावर हात टेकून श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत गेले. तिसऱ्यांदा शेवटापर्यंत. चांगलं नव्हतं. मी आयुष्यभर ऐकलंय, मला कळतं. पण शेवटापर्यंत गेले. मुलीने तो इस्त्री केलेला शर्ट कधी तोंडाशी धरला ते तिलाही कळलं नाही, सगळा चुरगळला.

ह्यांचा चेहरा लाल, कपाळावर घाम, कवळी हातात.

भाऊजी खिडकीतून न वळता म्हणाले, "ह्यापेक्षा ते डबडं बरं वाजवत होतं."

हे दम खात खात म्हणाले, "वाजवणारच. ते अजून पन्नाशीतच आहे."

आजी